कावळ्यानं चोच पुसली

त्या मार्गशीर्षात डॉ. ऋतुजा रेडेकरच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या. पहिली, तिनं घडवलेल्या तांदळाला सरकारचा परवाना. दुसरी, पुण्याच्या भात संशोधन केंद्राचं संचालकपद. ते परवान्याच्या शेपटाला बांधूनच येणार होतं. तिसरी गोष्ट कुठल्या अर्जात लिहिलेली नव्हती आणि ऋतुजानं ती स्वतःशीही कधी मोठ्यानं म्हटली नव्हती. खडकेवाडीला अंथरुणाला खिळलेल्या तिच्या आईला उचलून बसवणारं, कूस बदलून देणारं, घास भरवणारं माणूस तिला हवं होतं.

पहिल्या दोन गोष्टींसाठी तिनं उमेदीची सगळी वर्षं घासली होती. तिसरीसाठी काहीच करावं लागलं नाही. फक्त एकदा, नदीच्या घाटावर, गप्प बसावं लागलं. गप्प बसायला कष्ट पडत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा करून बघावं.

तांदळाचं नाव होतं ‘राखण’. आजरा भागात भाताला लोंब्या धरल्या की पूर्वी शेतात माळा बांधून त्यावर गोफण घेतलेलं माणूस बसायचं आणि पाखरं हाकायचं. पुढं माळ्यावर बसायला माणूस मिळेना. तरणी पोरं बंगळुरूला गेली, म्हातारी मोबाइलात गेली. मग पाखरं हाकायला ड्रोन आणले. पोपट त्यांना आठवड्यात सरावले. एक पोपट तर ड्रोनवर बसूनच शेतभर फिरला, असं गावातले हरीभाऊ पोवार शपथेवर सांगत. खरंखोटं तो पोपट जाणे. पण चौथाई पीक पाखरांच्या पोटात जात होतं, हे खरं होतं.

ऋतुजाची युक्ती ऐकायला साधी होती. मिरची आपल्या जिभेला झोंबते. पोपटाला झोंबत नाही. तिखटाची कळ माणसाच्या, म्हशीच्या, उंदराच्या तोंडात असते, पाखराच्या चोचीत नसते. निसर्गानं याच्या उलटाही एक पदार्थ करून ठेवला आहे. काळ्या द्राक्षांना जो गोडसर वास येतो, तो ज्या द्रव्याचा, ते द्रव्य आपल्याला सुवास वाटतं आणि पाखराच्या चोचीत मिरचीसारखं पेटतं. द्राक्षवेल हे द्रव्य ज्या जनुकाच्या बळावर बनवते, तो जनुक ऋतुजानं भातात आणला, आणि त्याच्या मागं अशी एक कळ बसवली की तो फक्त तुसात जागा व्हावा. तूस गिरणीत गेलं की द्रव्यही गेलं. ताटात उरला तो तुमचाआमचा भात.

निदान तसं कागदावर होतं. प्रत्यक्षात कळ थोडी गळकी निघाली. प्रयोगशाळेतल्या यंत्रानं शिजलेल्या भातातही ते द्रव्य दाखवलं. द्राक्षाच्या एका मण्यात असतं त्याहूनही कमी. माणसाच्या पोटाला त्यानं काही होणार नव्हतं, आणि ऋतुजानं ते उंदरांवर, डुकरांवर आणि शेवटी स्वतःवर तपासलंही होतं. पण कायद्यात दोन रांगा होत्या. गुण तुसापुरता असेल तर छोटी रांग. अन्नात उतरत असेल तर मोठी, आणखी चार वर्षांची. ऋतुजानं अर्जात लिहिलं, ‘गुण दाण्यात उतरत नाही.’ खोटं म्हणावं, तर त्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. खरं म्हणावं, तर ते खरं नव्हतं.

आजऱ्याला जनसुनावणी झाली तेव्हा सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. विरोधकांनी कॅन्सरपासून वांझपणापर्यंत सगळं त्या तांदळाच्या माथी मारलं. बाजूनं बोलणाऱ्यांनी अमृताची उपमा दिली. दोन्हीकडचे लोक एकमेकांना अडाणी म्हणाले. मग हरीभाऊ पोवार उठले. देशी बियाणं जपणाऱ्यांचं मंडळ ते चालवत. बोलायला गोड, टोचायला बाभळीसारखे.

“म्याडम, आमी काय शिकल्यालो न्हाई. एकच इचारतो. तुमी सोता खाता का ह्यो तांदूळ, का निस्ता आमालाच?”

“माझ्या घरी, खडकेवाडीला, तीन वर्षं दुसरा तांदूळ शिजलेला नाही,” ऋतुजा म्हणाली. “माझी आई खाते, वहिनी खाते, आणि तो बघा, दादा तिथं मागंच बसलाय. विचारा त्याला.”

संग्रामदादा उठला आणि त्यानं शर्टावरून पोटावर हात फिरवला. “खातोय की! हे बगा पोट. आनि ह्याचा आरोप तांदळावर नगासा घालू, ह्ये भज्यांचं हाय.”

सभागृह खदखदून हसलं. हरीभाऊही हसले; दादा त्यांचा शाळूसोबती. टाळ्या पडल्या त्याच क्षणी परवाना निम्मा मिळाला होता. त्या सगळ्या दिवसात तांदळाबद्दल जे जे विचारलं गेलं, ते पोटाबद्दल होतं. मधमाशीबद्दल, गांडुळाबद्दल आणि माशाबद्दलही एकेक ओळ विचारली गेली. पाखरांच्या रकान्यात ‘मृत्यू नाही’ असं लिहिलं होतं, आणि तेही खरंच होतं.

गणपतीत दादाचं पोट दुखायला लागलं. ते भज्यांचं नव्हतं. स्वादुपिंडाचा कर्करोग हळूच येतो आणि आल्यावर थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, हा रोग आत शिरून कैक वर्षं झाली असतील, म्हणजे ‘राखण’च्या पहिल्या पेरणीआधीच. पण डॉक्टरांचं बोलणं रुग्णालयाच्या भिंतींच्या आत राहतं आणि गावाचं बोलणं एसटीनं फिरतं. ‘तीन वर्षं खाल्ला म्हणं. झाला का आता?’ असं लोक कुजबुजायला लागले.

कोल्हापूरच्या रुग्णालयात एका दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेली होती, तेव्हा दादानं ऋतुजाचं मनगट धरलं.

“ऋतू, प्रणालीला जाऊ दे हं.”

“कुठं?”

“एसटीचं पत्र आलंय तिला. चालक म्हणून घेत्यात. आईचं लई केलं तिनं, आता तू बघ. पुण्याला ने, बाई ठेव, काय बी कर.”

“तूच सांग की तिला.”

“मी सांगितलं म्हंजे मी चाललोय हे कबूल केल्यागत हुतंय. तिच्या तोंडाकडं बघून न्हाई जमत मला. तू सांग. मी गेल्यावर.”

“सांगते,” ऋतुजा म्हणाली.

प्रणालीवहिनीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. लग्न होऊन आली तेव्हा ती ट्रॅक्टर चालवायची आणि सासूला ते खपायचं नाही. मग सासूला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि त्या रात्री भर पावसात टेम्पो हाकत तिला गडहिंग्लजला पोचवलं ते प्रणालीनंच. तेव्हापासून ट्रॅक्टरही खपला आणि टेम्पोही. आंबोलीच्या धुक्यात आपोआप चालणाऱ्या गाड्या हट्टी म्हशीसारख्या रस्त्यातच बसकण मारत. म्हणून एसटीला अजून माणसं लागत होती, आणि घाटात गाडी चालवायची परीक्षा प्रणाली पहिल्या झटक्यात पास झाली होती. वयाची अट होती, पण तिच्या हाताशी अजून वर्षभराची सवड होती.

मार्गशीर्षात दादा गेला. दहाव्याला हिरण्यकेशीच्या घाटावर सगळं गाव जमलं. विधीला चुलतभाऊ विश्वजित बसला होता, कारण दादाला मूल नव्हतं. भात घरूनच शिजवून आणला होता. घरात तांदूळ एकच होता आणि तो कोणता, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

गुरुजींनी पिंड मांडले. लोक मागं सरले. समोरच्या करंजावर कावळे बसलेच होते. या नदीवर कावळ्यांची वानवा कधीच नव्हती. एक खाली उतरला. टुणटुण करत आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कावळ्यानं पिंडावर चोच मारली.

आणि मान झटकली. एक पाऊल मागं सरला. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, त्यानं चोच दगडावर पुसली, कुणाच्या तरी खरकट्यात हात पडावा आणि आपण तो भिंतीला पुसावा, तशी. मग उडून गेला.

ही मान झटकणं, हे एक पाऊल, हे पुसणं ऋतुजानं पिंजऱ्यांतल्या पाखरांत हजारदा पाहिलं होतं. त्याच्या चित्रफिती तिनं परदेशांतल्या परिषदांत दाखवल्या होत्या आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसरा कावळा आला. तोही तसाच गेला. तिसऱ्यानं नुसता वास घेतल्यासारखं केलं आणि लांबूनच परतला. मग एकही उतरेना. पंधरावीस कावळे करंजावर बसून खाली बघत होते, जत्रेतल्या उपाशी पाहुण्यांसारखे.

“कायतर अडलंय त्याचं,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

मग कबुल्या सुरू झाल्या. विश्वजित हात जोडून म्हणाला, “दादा, देवळाच्या कळसाचं तू धरलंवतंस, ते मी पुरं करतो.” कावळा हलला नाही. गल्लीतला एकजण खाकरून पुढं झाला, “संग्राम, तुजा पंप माज्याकडं हाय. उद्या आनून देतो.” त्याच्या बायकोनं त्याच्याकडं असं बघितलं की पंपाची गोष्ट तिलाही नवीनच असावी. हरीभाऊ म्हणाले, “संग्या, लेका, तुज्याशी भांडलो त्यो तांदळासाठी, तुज्याशी न्हाई. ये बाबा.” कावळा हलला नाही.

मग थोरल्या आत्यानं तोंड उघडलं. बायजाआत्या बोलली की रेडेकरांच्यात पुढं कुणी बोलत नसे.

“त्याचा जीव आईत अडकलाय. दिसत न्हाई का कुनाला? पोरगं तिच्या उशाला बसायचं. आता ही चालली येष्टी हाकाय. आईला कोन बगणार?”

सगळ्या माना प्रणालीकडं वळल्या.

या ठिकाणी एक वाक्य पुरेसं होतं. ‘हा भात नको, शेजारच्या घरातून दुसरा करून आणा.’ बास. कारणही सांगायची गरज नव्हती. पण हरीभाऊ हाताच्या अंतरावर उभे होते आणि त्यांना अर्धं वाक्यसुद्धा पुष्कळ झालं असतं. दाण्यात काही नाही म्हणता, तर कावळ्याला कळलं ते काय? परवाना देणाऱ्या समितीची बैठक पुढच्याच आठवड्यात होती. तांदूळ खाणारा मेला आणि मेलेल्याचा पिंडही कावळा खाईना, एवढं छापून आलं असतं तर कुठल्याही यंत्राचा आकडा कुणी बघितला नसता. ऋतुजानं हा सगळा विचार केला. तो खोटा नव्हता. आणि त्याच्या तळाशी आणखी एक लहानसा विचार होता, आईला उचलण्याचा. त्याच्याकडं तिनं बघितलं नाही.

प्रणाली पुढं झाली. पाय ओले, हातात काही नाही.

“अहो, मी आईंना सोडून नाही जाणार,” ती म्हणाली.

कावळा हलला नाही.

“नोकरी नाही घेणार. पत्र परत पाठवते.”

कावळा हलला नाही. प्रणाली पिंडाकडं बघत राहिली. मग नवऱ्याशी घरात बोलावं इतक्या हळू म्हणाली, “मग अजून काय हवंय तुम्हाला?”

उन्हं वर आली तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. शास्त्रात ती सोय आहे. लोकांनी अंघोळी केल्या आणि जेवायला बसले. ऋतुजाच्या ताटात भात वाढताना प्रणालीचा हात स्थिर होता. दादाचा निरोप आज सांगू नये, असं ऋतुजानं ठरवलं. आज ती मनातून हललेली आहे. उद्या सांगू.

परवाना मिळाला. संचालकाची खुर्ची मिळाली. पुढच्या हंगामात ‘राखण’ घाटमाथा उतरून कोकणात गेला, मावळात गेला, इगतपुरीकडं गेला. भाताची शेतं पाखरांवाचून शांत पडली, आणि जेवढं पिकलं तेवढं सगळं गोण्यांतून घरी आलं. हरीभाऊंनीही शेताच्या वरच्या पट्टीत गुपचूप लावला. विरोध विरोधाच्या जागी, पोपट पोपटाच्या जागी.

पोटाला कुणाच्याच काही झालं नाही. हे नीट लिहून ठेवायला हवं.

पण त्या वर्षी राज्यभर मेलेली माणसं फार नाराज होती. कुठल्याही घाटावर जा, पिंड तसेच. कुठं बहिणीनं बापाच्या पिंडासमोर आपला वाटा सोडला. कुठं धाकट्या भावानं ठरवलेलं लग्न मोडलं. कुठं एका आज्जीच्या पिंडासमोर नातवानं दारू सोडली, ते एक बरं झालं. पण आज्जी त्यावरही प्रसन्न झाली नाही, तेव्हा चौथ्या दिवशी त्यानं ती पुन्हा धरली. हरीभाऊंचे वडील वारले, त्यांचाही पिंड अडला. भाऊबंदकीत अर्धी पट्टी अडकली होती, ती हरीभाऊंनी घाटावरच धाकट्याला देऊन टाकली, आणि तरी शेवटी दर्भाचाच कावळा लावावा लागला. तज्ज्ञ म्हणाले, कावळे घटलेत. कुणी मोबाइलच्या मनोऱ्यांना बोल लावला, कुणी उन्हाळ्याला. घाटावर कावळे तर बसलेले दिसत होते; पण डोळ्यांना दिसतं ते आणि तज्ज्ञ सांगतात ते यांत निवड करायची झाली की लोक हल्ली गोंधळतात.

पुण्यात ऋतुजा हे सगळं वाचत होती. तिच्या खोलीच्या खिडकीत कावळा बसला की ती पडदा ओढून घ्यायची.

खडकेवाडीला ती महिन्या-दोन महिन्यांनी जायची, आणि दर वेळी घरातलं काहीतरी कमी झालेलं असायचं. आधी टेम्पो गेला. “विकला,” प्रणाली म्हणाली, “त्यांना मी तो पळवायचे ते आवडायचं नाही की काय, कोण जाणे.” पुढच्या खेपेला रेडिओ गेला होता. मग तिच्या अंगावरचे रंग गेले, म्हणजे कुणी सक्ती केली म्हणून नव्हे. आजकाल तसली सक्ती खडकेवाडीतही कुणी करत नाही. तिनंच एकेक करून कपाटात घातले. मग ती हसायची तेवढी बंद झाली. रोज सकाळी ती परसातल्या भिंतीवर भाताची मूद ठेवायची. कावळा यायचा, चोच मारायचा, मान झटकायचा, चोच पुसायचा. ती आत येऊन कामाला लागायची.

“रोज का ठेवतेस?” ऋतुजानं एकदा विचारलं.

“ताई, माणूस रागावलं तर कशावरून ते सांगतं तरी. हे सांगतच नाहीत. मी आपली एकेक गोष्ट सोडून बघते. कधीतरी बरोबर तीच निघेल.”

ती हे इतक्या सहज म्हणाली, दुकानात किल्ल्या लावून बघावं तसं, की ऋतुजाला उठून बाहेर जावं लागलं. बाहेर भिंतीवर ती मूद होती. वाळलेली, एका बाजूला चोचीची खूण असलेली.

पुढच्या फेरीला तिनं एक गोणी आणली. जुना घनसाळ, आजऱ्याचाच वासाचा तांदूळ, कुठून कुठून शोधून काढलेला. “आईला आवडायचा,” ती म्हणाली. “हाच शिजवत जा आता. रोज.” रोजवर तिनं जरा जास्तच जोर दिला.

प्रणालीनं गोणीकडं बघितलं, मग नणंदेकडं. “अख्ख्या तालुक्यासमोर तुम्ही सांगितलंत, आमच्या घरी दुसरा तांदूळ शिजत नाही म्हणून. उद्या कुणी डोकावलं तर तुमचंच नाव जाईल. सणासुदीला मूठभर करीन, आईंपुरता. त्यांच्या जिभेला तेवढी चव अजून कळते.” आणि तिनं तो तांदूळ वरच्या फळीवरच्या डब्यात भरून ठेवला.

नणंदेचं नाव जपायला ती स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेत होती, आणि नणंद ते बघत चहा पीत होती. चहा बरा झाला होता.

श्रावणात प्रणालीनं वयाची अट ओलांडली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. ऋतुजाला तारीख माहीत होती.

दादा गेल्याला दोन वर्षं उलटली आणि फाल्गुनात आई गेली. झोपेतच. दहाव्याला पुन्हा तोच घाट, तोच करंज, तेच कावळे. लोक घरून न्याहारी आटपून, सावलीत बसायची तयारी करून आले होते. आता दहावं म्हणजे दुपार होणारच, हे सगळ्यांनी धरलं होतं. गुरुजींनी तर दर्भ आधीच ओला करून ठेवला होता.

पिंड मांडले. गुरुजी दोन पावलं मागं सरले असतील नसतील, तोच करंजावरून एक कावळा दगडासारखा खाली आला आणि पिंडावर बसला. मागोमाग दुसरा, मग चार-पाच. पंखांची फडफड झाली, भाताची शितं उडाली.

“शिवला!” सगळा घाट ओरडला. “सुटली म्हातारी!” बायजाआत्या रडायलाच लागली. “नशीबवान गं बाई. एवढं झटकन गेल्या दोन वर्सांत कुनाचं झालं न्हाई!”

प्रणाली रडली नाही. कपाळाला आठी घालून ती कावळ्यांकडं बघत होती. आईंच्या आवडीचा म्हणून तिनं पहाटे फळीवरचा डबा खाली काढला होता.

मग ती मागं गेली. घाटावरच्या माणसांसाठी आणलेला जेवणाचा डबा उघडला, त्यातला रोजचा भात मुठीत घेतला, त्याचा गोळा वळला आणि पिंडाच्या शेजारी दुसऱ्या पानावर ठेवला.

“अगं, हे काय?” आत्या म्हणाली. “विधीत असलं काय नसतंय.”

“राहू दे आत्या. बघते.”

एक कावळा टुणटुण करत त्या गोळ्याकडं आला. चोच मारली. मान झटकली. एक पाऊल मागं. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, त्यानं चोच दगडावर पुसली. आणि वळून परत म्हातारीच्या पिंडावर गेला.

सावलीत बसलेली माणसं उठून पुढं सरली.

हरीभाऊंना सगळ्यांत आधी उमगलं. ते दोन्ही पानांकडं बघत, बोट वर करून, हिशेब करणाऱ्या माणसासारखे उभे राहिले. “म्हंजे आमचा म्हातारा... त्याला काय नकोच हुतं?” ते म्हणाले. “मग माझी अर्धी पट्टी?”



प्रणाली ऋतुजासमोर येऊन उभी राहिली. बोटांना भात चिकटलेला होता.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

ऋतुजानं तोंड उघडलं. द्रव्याचं प्रमाण, द्राक्षाचा मणी, छोटी रांग, मोठी रांग, सगळं ओठांपर्यंत आलं. सगळं खरं होतं. त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही.

“म्हणजे ते रागावलेले नव्हते,” प्रणाली म्हणाली. हे ती ऋतुजाला सांगत नव्हती. “कधीच नव्हते.” आणि तिथंच ओल्या पायरीवर ती बसली, आणि तिला हसू आलं. दोन वर्षांत कुणी न ऐकलेलं ते हसू ऐकून बायका दचकल्या. हसता हसताच ती रडायला लागली.

बऱ्याच वेळानं तिनं वर बघितलं. “जाताना ते काही बोलले होते का? माझ्याबद्दल? मी औषधं आणायला खाली गेले होते तेव्हा. वर आले तर तुमचा हात त्यांच्या हातात होता. मी कधी विचारलं नाही.”

आता गप्प बसण्यात काहीच मिळण्यासारखं उरलं नव्हतं. म्हणून असेल, किंवा नसेल, ऋतुजानं सांगितलं.

“म्हणाला, प्रणालीला जाऊ दे.”

यानंतर जे झालं ते वर्तमानपत्रांत सविस्तर आलं. चौकशी बसली. ‘राखण’ पुन्हा तपासला गेला, या वेळी मोठ्या रांगेत, आणि निर्धोक ठरला. तो निर्धोकच होता. गोणीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक ओळ वाढली: ‘पिंडासाठी व काकबळीसाठी वापरू नये.’ शेतकऱ्यांचं पीक वाचलं, ते वाचतंच आहे. घनसाळचा भाव चढला. देशी बियाण्याच्या मंडळाला मरणाचा मोसम लाभला. हरीभाऊंनी भावाकडं पट्टी परत मागितली, तेव्हा भाऊ म्हणाला, “कावळा खोटा असंल दादा. पट्टी खरी हाय.” वाटा सोडलेल्या बहिणींनाही थोड्याफार फरकानं हेच उत्तर मिळालं. दारू सोडलेल्या नातवाची मात्र चौकशी कुणी केली नाही.

ऋतुजाची खुर्ची गेली. तांदळावरचं नाव राहिलं, कारण ते पुसायची सोय नियमात नव्हती. ती पुण्यातच असते. खिडकीत रोज जुन्या तांदळाची मूद ठेवते. कावळा येतो आणि सगळी खातो. पण पोट भरल्यावरही कावळा चोच पुसतोच, ती त्याची सवयच असते. आणि तो डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा पुसायला लागला की तिचा चहाचा कप हातातच थांबतो. तिच्या पाठीमागं कुणी नाही. तिचं दहावं कोण करील आणि कुठल्या तांदळाचं, हे ती कुणाला विचारू शकत नाही.

आणि प्रणाली. आईंच्या तेराव्यानंतर तिनं घराला कुलूप घातलं आणि किल्ली बायजाआत्याच्या हातात दिली. टेम्पो नव्हता, म्हणून पिशवी घेऊन चालतच फाट्यावर आली. कोल्हापूरला एका शाळेला बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला मदतनीस बाई हवी होती, तिकडं ती निघाली होती. आंबोलीकडून एसटी आली. चालकाच्या जागी एक तरुण मुलगी होती, विशी-बाविशीची, खाकी नव्या शिवणीची. प्रणाली तिच्या बरोबर मागच्या सीटवर बसली. वळणावर ती मुलगी गिअर उशिरा टाकत होती. प्रणालीचा डावा हात मांडीवर आपोआप हलला आणि थांबला.

कंडक्टर आला. बायकांची सवलत गेल्याच वर्षी बंद झाली होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि पुरं तिकीट काढलं.